दोन्हीकडचे पंखे

प्रभुलिंग हत्तुरेचा धंदा जुन्या गाड्यांचा. होटगी रोडला त्याची पत्र्याची शेड. तिच्यात तीन-चार ट्रॅक्टर, एखादी पिकअप, एखादी जीप कायम उभी, आणि मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर प्रभुलिंग. गाडी घेताना हा माणूस मालकाला कधी काही विचारायचा नाही. मालक आपल्या गाडीला वाईट म्हणणार आहे थोडाच? तो त्या गावात जाऊन पंक्चरवाल्याला विचारायचा, चहाच्या टपरीवर विचारायचा, वस्तीवरच्या एखाद्या म्हातारीलाही विचारायचा, की ही गाडी कुठं पलटी झाली होती का, हिच्याखाली कोण गेलंय का. गाडीचा सगळा इतिहास काढल्याशिवाय सौद्याला बसायचं नाही, हा त्याचा नेम.

विकताना तो हा इतिहास लपवायचाही नाही. "ह्या ट्रॅक्टरखाली एक माणूस गेलाय," असं तोंडावर सांगायचा. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरला, की मग ठेवणीतलं वाक्य काढायचा. "गाडी माणूस मारत न्हाय हो. हात मारतो. तुमचा हात चांगला हाय न्हवं? मग गाडीबी चांगलीच की." ह्या एका वाक्यावर त्याने किती गाड्या खपवल्या असतील, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आता तेच वाक्य त्याच्या मानगुटीवर बसलं होतं.

झालं होतं असं, की त्याची एकुलती एक मुलगी शिवलीला वैमानिक झाली होती. मोठ्या जेटवर नव्हे. दोन्ही बाजूंना एकेक मोठा पंखा फिरतो त्या सत्तरएक माणसांच्या विमानावर. कंपनीने तिला मुंबई-सोलापूर फेरीवर घातलं आणि येत्या रविवारी ती पहिल्यांदा आपल्या गावात विमान उतरवणार, असं ठरलं. ही बातमी गावाकडे प्रभुलिंगच्या आईला, बसव्वाला कळली. तिने फोनवर हुकूमच सोडला, की परत जाताना त्याच विमानातून मलाही मुंबईला न्यायचं. "पंख्याचं हाय व्हय? मग वारं तरी लागंल," म्हणाली. बसव्वा, प्रभुलिंग आणि त्याची बायको भुवनेश्वरी, अशी तिघांची तिकिटं निघाली. भुवनेश्वरीने गल्लीभर पेढे वाटले. प्रभुलिंगने मात्र जे जन्मभर केलं तेच केलं. तो गाडीचा इतिहास काढायला बसला.

विमानाच्या बाबतीत पंक्चरवाला कुठून आणणार? त्याने मोबाइल हातात घेतला. त्या जातीच्या विमानांना जगभरात झालेले अपघात एका पानावर ओळीने दिले होते. पान इंग्रजी, पण मोबाइल त्याचं वेडंवाकडं मराठी करून देत होता. गिऱ्हाइकाला चहा सांगून प्रभुलिंग वाचत बसायचा, आणि चहा गार व्हायचा तो त्याचाच.

पहिला अपघात पंखांवर बर्फ साचून झालेला होता. ह्याचं त्याला हसू आलं. सोलापुरात बर्फ फक्त रसाच्या गाड्यावर. दुसरा वादळातला. मग एक डोंगराला धडकून. इथवर तो गाडी तपासावी तसा मान हलवत वाचत होता. इंजिन चांगलं दिसतंय, सांगाडा चांगला दिसतोय, असा त्याचा निकाल होत आला होता. आणि मग तो पुढच्या अपघातावर आला. विमान उडालं, उडाल्या उडाल्या एका बाजूचं इंजिन गेलं. तेवढ्याने काही बिघडत नाही, हे विमान एका इंजिनावरही उडतं, असं तिथंच लिहिलं होतं. पण आतल्या लोकांनी घाईघाईत बंद पडलेलं सोडून चालू असलेलं इंजिनच बंद केलं. डावं-उजवं झालं. विमान खाली आलं. मेलेल्यांचा आकडा प्रभुलिंगने वाचला नाही. त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि समोरच्या ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत राहिला.

कारण डावं-उजवं हा शिवलीलाचा घोळ होता, जन्माचा.

पोरगी डावखुरी निघाली होती. ताटातला घास डाव्या हाताने उचलायची. मठात प्रसादाला बसली की आजूबाजूचे हसायचे. मग बसव्वा जेवायच्या वेळी नातीच्या डाव्या हाताला जुन्या लुगड्याचं मऊ फडकं गुंडाळून ठेवायला लागली. मारझोड काही नाही, सगळं लाडीगोडीने. वर्षभरात पोर उजव्या हाताने जेवायला लागली, लिहायला लागली. पण कुठला हात कुठला, हे तिच्या डोक्यातून जे गेलं ते गेलंच. शाळेच्या कवायतीत सगळी रांग एकीकडे वळायची आणि शिवलीला दुसरीकडे. शेडच्या मागे प्रभुलिंग तिला जीप शिकवत होता, तेव्हा "डावीकडं" म्हटल्यावर तिने ती सरळ उजवीकडच्या भिंतीत घातली होती. बापलेक पोट धरून हसले होते तेव्हा.

त्यावर तोड बसव्वानेच काढली होती. लिंगायताच्या घरात गळ्यातलं लिंग पूजेला बाहेर काढतात ते डाव्या तळहातावर ठेवतात. हे पोरीला रोज पहाटे बघून पाठ होतं. "लिंग कुठं बसतं? तो डावा," म्हातारीने सांगितलं. तेव्हापासून कोणी डावं-उजवं विचारलं, की शिवलीला आधी तो तळहात उघडायची, जरा थांबायची, आणि मग उत्तर द्यायची. बरोबर द्यायची. पण विमान खाली पडत असताना तळहात उघडून बघायला कोण थांबणार?

चार दिवस प्रभुलिंग ह्यातच अडकून होता. बायकोला सांगावं, तर ती पेढ्यांच्या आनंदात. कंपनीत कोणाला कळवावं, तर पोरीच्या नोकरीवर आपल्याच हाताने धोंडा. न कळवावं, तर त्या विमानात आपली आई, आपली बायको, आपली पोर आणि लोकांची सत्तर माणसं. त्याला रात्रंदिवस तीच गणितं सुचत होती आणि एकाचंही उत्तर चांगलं येत नव्हतं.

शेवटी त्याने आपल्या सवयीप्रमाणे भलत्याच माणसाला विचारलं. कल्लप्पा मेस्त्री शेडमध्ये इंजिन उघडून बसला होता. प्रभुलिंग त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"कल्लप्पा, घाईत कधी चुकीचा नट खोललायस का रं?"

"लई वेळा की," कल्लप्पा मान वर न करता म्हणाला. "गिऱ्हाईक डोक्यावर बसलं की होतंच. ढिला सोडून चांगलाच खोलतो माणूस. पुन्ना बसवायचा, आन् काय."

पुन्हा बसवायचा. प्रभुलिंग उठला आणि शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

शुक्रवारी शिवलीला दोन दिवसांच्या सुटीवर घरी आली. शनिवारी रात्रीच्या गाडीने ती मुंबईला परतणार आणि रविवारी विमान घेऊन येणार. बाप तिच्याकडे चोरून बघायचा. ती कुठल्या हाताने पाणी घेते, दाराची कडी कुठल्या हाताने लावते. पोरगी मजेत होती, आईच्या हातची शेंगापोळी खात होती. त्याला वाटलं, विचारून टाकावं. पण मालकाला गाडीबद्दल विचारायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं, की जीभच उचलेना. विचारायचं नाही, चालवून बघायची. आणि तिथंच त्याच्या डोक्यात ती कल्पना आली, जिच्याबद्दल दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्याने त्याला जोड्याने मारलं असतं.

शनिवारी सकाळी बसव्वाला आणायला अक्कलकोटच्या अलीकडच्या गावी जायचं होतं. प्रभुलिंगने जीप काढली आणि किल्ली पोरीकडे दिली. "तूच चालव," म्हणाला. "विमान चालीवतीस, जीप विसरली न्हाईस ना बघू."

जाताना त्याला धीर झाला नाही. गावात बसव्वा ओसरीवर तयारच होती. नवं इरकल नेसलेली, मांडीवर कडक भाकऱ्यांचं गाठोडं. "बारव्वा, ये गं बाई," तिने नातीला जवळ ओढलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग ती जीपमध्ये मागे चढून बसली, गाठोडं पोटाशी धरून, आणि मुंबईत प्यायचं पाणी कसं असतं ते विचारायला लागली.

परतीच्या रस्त्यावर, वळसंग मागे पडल्यावर, डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो. प्रभुलिंगने तो जातानाच हेरून ठेवला होता. योजना साधी होती. अगदी जवळ आल्यावर एकदम ओरडायचं, "डावीकडं घे!" पोरगी डावीकडे वळली तर ठीक. नाही वळली, तर मग आज संध्याकाळीच तिला सगळं सांगायचं, हात जोडायचे, पाया पडायचं, पण उद्या विमानात बसू द्यायचं नाही. तो डाव्या बाजूच्या सीटवर आवळून बसला. मनात तो सारखा घोकत होता, डावीकडं घे, डावीकडं घे. मागून बसव्वा म्हणत होती, "आन् ते इमानात भाकरी खाऊ देत्यात न्हवं?"

रस्ता आला. प्रभुलिंगने हात फेकला आणि ओरडला, "उजवीकडं! उजवीकडं घे!"

जीप वळली नाही. शिवलीलाचा पाय उचलला गेला, वेग उतरला, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात होते तिथंच राहिले. जीप सरळ चालत राहिली. आणि त्याच क्षणाला समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर कर्कश गाणं लावून त्यांच्या उजव्या अंगाने निघून गेला. ट्रॉलीतल्या उसाचं पाचट जीपच्या आरशाला घासलं. धूळ आत आली. शिवलीलाने जीप हळूहळू कडेला घेतली, उभी केली, आणि इंजिन बंद केलं.

मागे दचकलेल्या बसव्वाच्या हातून गाठोडं सुटून भाकऱ्या सगळ्या जीपभर पसरल्या होत्या.

"अप्पा," ती शांतपणे म्हणाली, "तोंडानं उजवीकडं म्हणालात. हात डावीकडं दाखवलात. मी कुठं जायचं?"

प्रभुलिंगने आपल्या हाताकडे पाहिलं. तो अजून डावीकडच्या कच्च्या रस्त्याकडे ताणलेला होता. तो खाली कसा घ्यावा हे त्याला सुचत नव्हतं.

"मारतोस का रं आमाला?" बसव्वा म्हणाली.

मग त्याला बोलावंच लागलं. अपघातांचं ते पान, बर्फ, वादळ, डोंगर, आणि मग ते इंजिन. कवायत, भिंत, लुगड्याचं फडकं. त्याने सगळं सांगितलं, खाली मान घालून, भाकरीचे तुकडे गोळा करत करत. "मला लई भ्या वाटतंय, शिवा," तो शेवटी म्हणाला. मोठ्या माणसाने इतकं सरळ बोललेलं त्या जीपमध्ये कोणी ऐकलं नव्हतं.

"हे कोणाला बोललात?" शिवलीलाने विचारलं.

"न्हाय."

"आईला?"

"न्हाय. कल्लप्पाला विचारलं, पण तुझं नाव न्हाय घेतलं."

"कल्लप्पाला विचारलंत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "मला का न्हाय विचारलं, अप्पा? मी घरातच होते की."

प्रभुलिंगने हातातला भाकरीचा तुकडा गाठोड्यात ठेवला.

शिवलीलाने खिडकीतून बाहेर पाहिलं. राग गिळायला तिला तेवढा वेळ लागला. मग ती म्हणाली, "तो अपघात आम्हाला शिकवतात. सगळेच अपघात शिकवतात. कोण काय बोललं, कोणाचा हात कुठं गेला, सगळं. माझा घोळ मी शिकवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितला. मला वाटलं, काढून टाकतील. तो म्हणाला, ज्याला आपला घोळ ठाऊक नसतो त्याला मी घाबरतो."

"मग आता गेला व्हय घोळ?"

"न्हाय गेला. तो जात नसतो, अप्पा. म्हणून तर मी थांबते." तिने डावा तळहात उघडला, जरा बघितला, मिटला. "इंजिन गेलं की आधी विमान सरळ धरायचं. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाय. मग मी तोंडानं म्हणायचं, कुठलं गेलंय ते. शेजारच्यानं आपल्या डोळ्यानं बघायचं आणि व्हय म्हणायचं. मग मी त्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवायचा, पण ओढायचं न्हाय. त्यानं पुन्हा बघायचं. तो व्हय म्हणाला की मगच. एकट्यानं कोणी काही करायचं नसतं. त्या लोकांनी तेवढंच केलं न्हाय. घाई केली."

"आन् घाई झालीच तर?"

"आत्ता झाली होती की," ती म्हणाली.

बसव्वाने मागून हात पुढे केला आणि मुलाच्या डोक्यात एक टपली मारली. लहानपणी मारायची तशीच. "चल आता," ती नातीला म्हणाली. "ह्याचं ऐकू नको. सरळ चल."

रात्री शिवलीला स्टेशनला गेली. निघताना तिने बापाला विचारलं, "उद्या येणार ना?" प्रभुलिंग "येतो की" म्हणाला, पण त्याची भीती काही गेली नव्हती. लहान झाली होती, इतकंच. घरी आल्यावर त्याने भुवनेश्वरीला सगळं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "चार दिवस एकट्यानं का मरत होता? मी काय शेजारीण हाय?" तिने त्या रात्री त्याच्याशी दुसरं काही बोलणं टाळलं. त्याला ते बरोबरच वाटलं.

रविवारी विमान वेळेवर उतरलं. जाताना तिघं आत चढले. मधे वाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खुर्च्या. बसव्वाने खिडकी धरली, तिच्या शेजारी प्रभुलिंग, आणि वाटेच्या पलीकडे, त्या बाजूच्या खिडकीशी भुवनेश्वरी. बसव्वाच्या खिडकीतून एक पंखा दिसत होता. दुसरा पलीकडे, भुवनेश्वरीच्या बाजूला. कर्ण्यावरून आधी कोणा पुरुषाचा आवाज आला, मग शिवलीलाचा. तिने सोलापूरकरांना मराठीतून नमस्कार सांगितला. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या. प्रभुलिंगच्या हाताला टाळी जमली नाही.

विमान धावलं, उचललं गेलं. खाली होटगी रोड सरकला, त्याला स्वतःची शेड दिसल्यासारखी वाटली, आणि मग ती खरंच होती का ते बघायच्या आत निघून गेली. पंख्यांचा आवाज छातीत भरला होता. जन्मभर इंजिनं कानाने ओळखणारा माणूस तो. तो आवाजच धरून बसला होता, लहान पोराने बोट धरावं तसा.

आणि आवाज एकदम उतरला.

गेलं, त्याला वाटलं. एक गेलं. ओरडावं, पुढे धावत जावं, दार बडवावं, तिला सांगावं. त्याचं तोंड उघडलंही होतं. मग त्याला कालचं आठवलं. ह्याच तोंडाने काल भलतंच सांगितलं होतं, आणि हा हात त्याहून भलतीकडे गेला होता. त्याने तोंड मिटलं. दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. मग तो बसव्वाच्या अंगावरून वाकला आणि खिडकीतून बघितलं. नीट बघितलं. ह्या बाजूचा पंखा फिरत होता.

दुसरा त्याला दिसणार नव्हता. कितीही मान ताणली तरी नाही.

त्याने वाटेच्या पलीकडे पाहिलं. भुवनेश्वरी अजून रागातच होती, खिडकीकडे तोंड करून बसलेली.

"भुवना," तो म्हणाला. "तुझ्याकडचा बघ की. फिरतोय का?"

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तिने नीट बघितला. ती खिडकीकडे वळली, कपाळ काचेला टेकवून बाहेर बघितलं, आणि त्याला वाटलं त्याहून जास्त वेळ बघत राहिली.

"फिरतोय," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "तुमच्याकडचा?"

प्रभुलिंगला ठाऊक होतं, दोन्ही चालू होते; चढ संपला की पाय उचलावा तसा इंजिनांचा जोर तेवढा कमी केला होता. तरी तो पुन्हा आईच्या अंगावरून वाकला, आणि पुन्हा एकदा बघितलं.

"फिरतोय," तो म्हणाला.